संत्र्याला घरात घेऊ नका

आधीच सांगून टाकते, आपल्या नागपुरात थंडी कितीही पडो, कुंडीतलं संत्र्याचं झाड उचलून घरात आणू नका.

डिसेंबर लागला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, पारा उतरायला लागला, झाड हॉलमध्ये आणून ठेवू का?" जीव लावलेला असतो म्हणूनच विचारतात, कुंडीतलं झाड सगळं आपल्याच भरवशावर असतं, त्याची काळजी वाटणारच. पण संत्र्याला थंडी हवी असते. मारणारी नको, पण हवी. इथपर्यंत थंडी लागू द्यायची आणि इथून पुढे नाही, ही जी मधली रेघ आहे ना, ती सांभाळणं म्हणजेच हिवाळ्यात झाड सांभाळणं, असं माझं पक्कं मत झालंय आणि त्याच्याबद्दलच जरा सविस्तर लिहायचंय.

नागपूरचं नाव काढलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना उन्हाळाच आठवतो. पण समुद्र इथून कुठच्या कुठे, त्यामुळे जसं तापतं तसंच गारठतंही. तिकडे हिमालयात बर्फ पडून गेला, इकडे आभाळ मोकळं झालं आणि उत्तरेकडून कोरडा वारा सुटला की दोन-तीन रात्रींत पारा धाडकन खाली येतो. २९ डिसेंबर २०१८ ला सोनेगावच्या वेधशाळेत ३.५ अंशांची नोंद झाली, नागपूरचा तोवरचा नीचांक. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत सकाळी सात वाजता शाळेच्या ऑटोची वाट पाहणारी पोरं मफलर गुंडाळून नुसती डोळे दाखवत उभी होती. आता यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वेधशाळेचा थर्मामीटर झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण छातीएवढ्या उंचीवर असतो, त्याला वरून आडोसा असतो. टेरेसवरच्या झाडाला वर अख्खं उघडं आभाळ असतं. निरभ्र रात्री, वारा पडलेला असताना, पान स्वतःतली ऊब सरळ वर सोडत राहतं आणि शेवटी आजूबाजूच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी थंड होतं. म्हणजे पेपरात चार अंश छापून आले तर तुमच्या टेरेसवरचं शेंड्याचं पान एखाद्या अंशापर्यंत गेलेलं असू शकतं. ढगाळ रात्री हे होत नाही, दव भरपूर पडलं तरी फारसं होत नाही, कारण वाफेचं पाणी होताना थोडी उष्णता सुटते आणि पारा उतरायचा वेग कमी होतो. धोक्याची रात्र म्हणजे चांदण्या लखलखतायत, वारा नाही, आणि सकाळी गाडीच्या सीटवर हात फिरवला तर कोरडा.

आमचं झाड निळ्या ड्रममध्ये आहे, दोनशे लिटरचा ड्रम मधोमध कापलेला, जंबेरी लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेलं संत्र्याचं कलम. शेजारी कुंडीत कागदी लिंबू, आणि एक अंजीर. संत्रा मामाजींसाठी आणला. माझे सासरे, काटोलकडचे, अख्खं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलेलं. बाग आता नाही, झाडं डिंक्यानं (खोडातून डिंक गळतो तो रोग) बसत गेली, बोअर आटली, मग उरलेली काढूनच टाकावी लागली, आणि गुडघ्यांमुळे ते आमच्याकडे राहायला आले. ते आल्यावर घरात एक तरी संत्र्याचं झाड असावं असं मला मनापासून वाटलं. (कलम घेताना एवढं मात्र करा, कुठल्याही हातगाडीवरून घेऊ नका, अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे रोगमुक्त कलमांची चौकशी करा. डिंक्या घेऊन आलेल्या कलमाला तुम्ही शाल पांघरा नाहीतर रजई, ते जात नाही जगायला.)

पहिल्याच हिवाळ्यात मी ड्रम जिन्याच्या खोलीत सरकवायचं म्हटलं तर मामाजी म्हणाले, "काहून गं? त्याले थंडीच नाही लागली त बहार कुठून फुटन?"

आणि खरंच तसंच आहे. संत्रा, लिंबू ही सदाहरित झाडं, अंजिरासारखी पानं गाळून ठार झोपत नाहीत, नुसती थांबतात. साधारण तेरा अंशांच्या खाली त्यांची वाढ जवळजवळ बंद पडते, आणि काही आठवडे असं गारठ्यात थांबून राहिलं की त्या डोळ्यांमध्ये पालवीऐवजी फूल यायची तयारी होते. आपला आंबिया बहार, जो जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो, तो या थांबण्यातूनच येतो. बागेत शेतकरी त्याला जोड म्हणून ताण देतात, डिसेंबरपासून ओलित बंद, पानं जरा मलूल पडतात, थोडी गळतात, आणि मग जानेवारीत पाणी सोडलं की झाड पांढरं होतं. हॉलमध्ये, बंद खिडकीआड, वीस-बावीस अंशांत ठेवलेल्या झाडाला हा थांबायचा इशाराच मिळत नाही. ते हिरवंगार राहतं, कोवळी पालवी काढत राहतं, आणि फेब्रुवारीत त्यावर फूल नसतं. फळाच्या रंगाचंही तेच. सालीतला हिरवेपणा जायला गार रात्री लागतात, म्हणूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा मृगाचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या बहाराचा, संत्रा इतका देखणा पिकतो आणि ऑक्टोबरातला आंबिया पुष्कळदा आत गोड पण बाहेरून हिरवट असतो.

मग जपायचं ते काय? तर मुळं. लोक वरून पाहतात म्हणून पानांची काळजी करतात, शेंड्याला साडी गुंडाळतात आणि ड्रम तसाच उघडा. जमिनीतल्या झाडाला खाली सगळी जमीन असते, ती दिवसभराचं ऊन साठवते आणि रात्री सोडते, वितभर खाली गेलं की पहाटेचा गारठा जाणवतही नाही. ड्रममधलं झाड म्हणजे उघड्या अंगणात नुसत्या खाटेवर झोपलेला माणूस, वरून तर वारा लागतोच पण खालून आणि चारी बाजूंनीही लागतो. आणि संत्र्याची बारीक मुळं, जी खरं पाणी ओढतात, ती नेमकी ड्रमच्या भिंतीला चिकटून गोल फिरलेली असतात, म्हणजे सगळ्यात थंड जागी सगळ्यात नाजूक भाग.

बर्फाच्या मुलखात हे फार मोठ्या प्रमाणावर दिसतं. माझी भाची टोरंटोला असते, तिनेही कुंडीत अंजीर लावलंय, आणि तिकडे उणे पंधरा म्हणजे नेहमीचंच. तिचा हिशोब सोपा आहे, पानं गळाली की कुंडी थेट गॅरेजमध्ये, अंधारात चालते कारण पानंच नाहीत, अधूनमधून घोटभर पाणी, माती पार वाळू द्यायची नाही एवढंच. जमिनीत लावलेलं झाड जेवढी थंडी झेलतं तेवढी कुंडीतलं त्याच जातीचं झाड झेलत नाही, हे तिकडे सगळे धरून चालतात. न्यूयॉर्कमध्ये इटलीहून आलेली माणसं तर अंजिराच्या फांद्या दोरीनं एकत्र आवळून त्यावर घोंगड्या, ताडपत्री गुंडाळायची आणि वर बादली पालथी घालायची, काही जण झाड वाकवून चरात पुरायचे आणि वसंतात उकरून परत उभं करायचे. परक्या देशात आपल्या गावचं फळ खाता यावं म्हणून एवढं करणारी ती माणसं, मला त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हापासून फार जवळची वाटतात. पण अंजिराची युक्ती संत्र्याला लावता येत नाही. पानं असलेल्या झाडाला उजेड लागतो, अंधारात ठेवलं की ते पानं टाकून देतं.

संत्र्यासाठी खरी शिकवणी फ्रान्सच्या राजाची आहे. व्हर्सायला १६८४ ते १६८६ मध्ये चौदाव्या लुईसाठी संत्र्यांची एक इमारत बांधली, ऑरेंजरी म्हणतात तिला, दीडशे मीटरहून लांब, भिंती प्रचंड जाड, मोठाल्या खिडक्या दक्षिणेकडे. हजाराच्या वर झाडं लाकडी पेट्यांमध्ये, ऑक्टोबरात आत आणायची आणि मे महिन्यात बाहेर काढायची, आजही आणतात. आणि गंमत म्हणजे राजाकडे काय कमी होतं, पण तरी आत उबदार नसतं, नुसतं गोठत नाही एवढंच. जाड भिंत आणि हिवाळ्यातलं दक्षिणेचं ऊन, बस. तेवढ्यावर झाडं शेकडो हिवाळे काढतात.

ते वाचल्यावर मी आमच्या टेरेसकडे नीट पाहिलं. आपल्याकडे जिन्याच्या खोलीची भिंत असतेच की. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, भर दुपारीही तो नागपुरात पंचेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीवर दिवसभर ऊन. ड्रम तिथे, भिंतीपासून हातभर अंतरावर. एरवी ड्रमखाली विटा असतात, त्या नोव्हेंबरात काढून ड्रम स्लॅबवर टेकवायचा, कारण रात्री खालच्या खोलीची थोडी ऊब स्लॅबमधून येते, फक्त भोकं बुजणार नाहीत हे बघायचं, पाणी साचलं तर थंडीपेक्षा ते वाईट. हलवायला घरातली तिघं तरी लागतात, तेव्हा नोव्हेंबरात सगळे दिवाळीला घरी असतानाच उरकून घ्या.

मग ड्रमचं पांघरूण. सगळ्यात भारी काय सांगू, कुटार. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतून उरलेला भुसा, काढणीनंतर गावाकडे ढिगानं पडलेलं असतं, ते आम्ही दोन-तीन पोती मागवतो. ड्रमच्या बाहेरून बारदान्याचं मोठं पोतं उभं करायचं आणि ड्रम अन् पोतं यांच्यामधल्या जागेत कुटार दाबून भरायचं, चांगलं चार बोटं जाडीचं. गरम ठेवतं ते कुटार नाही, त्यात अडकलेली हवा, म्हणून ते कोरडं राहिलं पाहिजे, भिजलं की कामातून गेलं. वर मातीवरही तेच पसरायचं, पण खोडापासून चार बोटं सोडून, खोडाला ओलसर काही चिकटून राहिलं की डिंक्याला आमंत्रण.

पाण्याबद्दल मामाजींचा आणि माझा बराच काळ वाद होता. ते म्हणणार ताण द्या, मी म्हणणार माती ओली हवी, कारण ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरते आणि रात्री हळूहळू सोडते. दोघांचंही बरोबर, फक्त त्यांचं बागेतल्या काळ्या जमिनीचं होतं. तिथे महिना-दीड महिना ओलित बंद ठेवलं तरी खाली कुठेतरी ओल असते. ड्रमचं तसं नाही, कोरड्या वाऱ्यात चार-सहा दिवसांत तळापर्यंत भुगा होतो, तो ताण नाही, ते झाड मारणं झालं. म्हणून आम्ही मधला रस्ता धरलाय, पाणी कमी, पण बोट दोन पेरं घातलं की गारवा लागला पाहिजे एवढं ठेवायचं, आणि थांबवायचं काम थंडीवर सोपवायचं. थंडीच्या लाटेचा अंदाज आला की त्या दुपारी मात्र नीट पाणी. दुपारी म्हणजे दुपारीच, सकाळी नाही. मामाजी सांगतात, बागेत पहाटे मोटर सुरू केली की विहिरीच्या पाण्यातून वाफा निघायच्या, हात घातला तर कोमट लागायचं, त्यामुळे थंडीच्या रात्री ओलित केलं की बागेत ऊबच शिरायची. आमच्या टेरेसवरच्या टाकीचं गणित उलटं, सकाळी त्या नळाखाली हात धरवत नाही. ते पाणी दोन-तीन वाजेपर्यंत उन्हानं सुधारू द्यायचं, मग घालायचं.

बागेतल्या शेकोट्यांचंही त्यांच्याकडून ऐकण्यासारखं आहे. एक मोठी होळी पेटवायची नाही, धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं लहान लहान ढीग, काट्याकुट्या खाली आणि ओला पाला वर. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते, लहान ढिगांची खालीच घुटमळते. टेरेसवर शेकोटी अर्थातच करायची नाही, शेजाऱ्यांना धूर आणि झाडाला शून्य फायदा. त्याऐवजी पाण्याचे कॅन ठेवा. वीस लिटरचे जुने कॅन, काळा रंग मारलेले, पाण्यानं भरून ड्रमला लागून उन्हात. एक कॅन रात्रभरात दहा अंशांनी थंड झाला तर जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब दोन तासांहून जास्त जळल्यावर मिळेल तेवढी उष्णता त्यातून बाहेर पडते, विजेचं बिल नाही, शॉकची भीती नाही. दोन-तीन कॅन आणि वरून चादर, एवढ्यात त्या छोट्या जागेत फरक पडतो.

चादर म्हणजे जुनी सुती साडी किंवा बेडशीट. तिचं काम झाडाला गुंडाळणं नाही, झाडावर तंबू करणं. तीन-चार बांबू उभे करायचे, त्यावरून साडी टाकायची, आणि कडा पार स्लॅबला टेकल्या पाहिजेत, म्हणजे स्लॅबची, ड्रमची, कॅनची सगळी ऊब आत राहते आणि पानाचा आभाळाशी संबंध तुटतो. लोक खोडाजवळ कापड आवळून गाठ मारतात, मग खालची ऊब आत येणार कुठून? प्लास्टिक शक्यतो नकोच, जिथे पान टेकतं तिथे गारठा सरळ पानात उतरतो. संध्याकाळी ऊन जाता जाता टाकायची आणि सकाळी ऊन आलं की काढायची, हे काढणं टाकण्याइतकंच महत्त्वाचं. सगळ्यात थंड वेळ सूर्य उगवायच्या जरा आधीपासून ते उगवल्यानंतरच्या थोड्या वेळापर्यंत असते, तेव्हा पहाटे साडेपाचला घाईनं उघडू नका, साडेआठ होऊ द्या. आणि हे रोज नाही. दहा-अकरा अंश असेल तर झाड उघडंच राहू दे, त्याला त्याची थंडी घेऊ दे. सहाच्या खाली अंदाज असेल त्याच रात्री तंबू. संक्रांतीच्या आसपास साडी काढताना फांद्यांत मांजा अडकलाय का तेही बघत जा, नायलॉन मांजा कुठल्या पाखराच्या पायात जाईल सांगता येत नाही, दिसला की कात्रीनं तुकडे करून टाका.

जानेवारीत पान पिवळं दिसायला लागलं की लोक घाबरतात. नर्सरीत दाखवलं तर खताची पिशवी हातात मिळते. घ्यायच्या आधी ते पान तोडून उजेडाकडे धरा. मधली शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा पिवळ्या, आणि शिरांच्या मधली जागा हिरवी, असं असेल तर ती बहुधा थंडीची खूण असते. माती इतकी गार झालीये की मुळं अन्न उचलत नाहीयेत, मातीत असूनही. उलट असेल, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तर मग लोह किंवा जस्ताची कमतरता, त्याचा इलाज वेगळा. थंडीतल्या पिवळ्या शिरेला खत घालून काही होत नाही, आणि नत्र घातलं अन् मध्येच चार दिवस ऊब आली तर झाड कोवळी पालवी काढतं आणि पुढच्या लाटेत तीच पहिली काळी पडते. दसऱ्यानंतर नत्र बंद, ते थेट जानेवारीच्या शेवटीच. तेव्हा पहिलं भरपूर पाणी, शेणखत, आणि मग वाट बघायची.

लिंबाचं मात्र वेगळं आहे, कागदी लिंबू लिंबूवर्गातल्या नाजूक मंडळींपैकी, संत्र्याचं पक्कं झाड शून्याच्या किंचित खालीही तग धरतं तसं ते धरत नाही. आमच्या लिंबाचे शेंडे यंदा भाजले, वरची पानं आधी पाण्यात भिजल्यासारखी गडद झाली आणि दोन दिवसांत चॉकलेटी होऊन कुरकुरीत. असं दिसलं की हात शिवशिवतात, सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढून टाकावीशी वाटते. आत्ता कापू नका. कुठपर्यंत मेलंय हे झाडालाही अजून ठरवायचं असतं, आणि कापल्यानं उलट नवी फूट लवकर निघते. नखानं साल जरा खरवडून बघितलं तर आमच्या लिंबाला वितभर खाली हिरवं लागलं, पण मामाजींनी तरीही कात्री दिली नाही, फेब्रुवारीची पालवी फुटू दे, मग तिच्या जरा वरून कापू, म्हणाले. पालवी ते म्हणाले होते तिथेच फुटली, माझ्या नखाच्या खुणेच्याही खाली, परवा आम्ही दोघांनी बसून सल काढली आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावली.

संत्र्यावर कळ्या दिसायला लागल्यात, तांदळाएवढ्या. साड्या धुऊन ठेवल्या, कॅन रिकामे केले. ड्रमभोवतीचं कुटार मात्र काढायचं नाही, ते मार्चमध्ये तसंच राहू द्या, कारण ज्या नागपुरात हिवाळ्यात ३.५ होतं तिथेच २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झालं होतं, आणि उन्हानं तापलेल्या ड्रमच्या भिंतीला चिकटलेली मुळं थंडीपेक्षा जास्त तिथे मरतात. जे चार बोटं कुटार गारठा अडवतं तेच ऊनही अडवतं. फक्त विटा परत ड्रमखाली घालायच्या राहिल्यात, स्लॅब तापायच्या आत, या रविवारी पोरं घरी आहेत तेव्हा.